न्हाणीघराची फरशी आणि तिच्या खालची जमीन



व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा समोरच्या रांगेतून एक प्रश्न आला. “सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. बाथरूमच्या फरशीवर तुम्ही काय बोलणार?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की वरवंडच्या आमच्या घरातलं बाथरूम आम्ही निवृत्तीनंतर दोनदा केलं. एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. दोन्ही वेळचा खर्च आमच्याच पेन्शनमधून गेला. तेव्हा या विषयावर तासभर बोलण्याचा अधिकार आम्हाला मिळाला आहे, असं आम्ही समजतो.

आधी चूक सांगतो. आमच्या बाथरूममध्ये जुनी शहाबादी फरशी होती. ती थोडी खचली होती, सांधे काळे पडले होते. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती आणि पाहुणे येणार होते. मिस्त्री आले, त्यांनी करणीच्या दांड्याने चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि म्हणाले, “सर, खालचं काढावं लागेल. हे पोकळ वाजतंय.” आम्ही विचारलं, किती दिवस लागतील? ते म्हणाले, पंधरा. आम्ही म्हणालो, “राहू द्या, वरूनच टाइल टाका.” ज्या माणसाने तीस वर्षं वर्गात ‘पाया तपासल्याशिवाय विधान करू नका’ असं सांगितलं, त्या माणसाने हे वाक्य उच्चारलं. मिस्त्रींनी ऐकलं, कारण घर आमचं होतं.

टाइल सुंदर दिसली. दिवाळी झाली. पुढच्या दोन महिन्यांत दाराजवळच्या कोपऱ्यात पाणी साचायला लागलं. ते जाळीकडे जाईना, खराट्याने लोटावं लागे. मग एक टाइल हलायला लागली. आणि एके दिवशी सकाळी त्या साचलेल्या पाण्यात आमच्या सौ. घसरल्या. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. नशीब की डोक्याला लागलं नाही. आमच्या वयाच्या माणसांना बाथरूममधलं पडणं म्हणजे काय असतं, हे इथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. म्हणून आजचा विषय किरकोळ नाही.

सपाट, समपातळी आणि उतार

आता थोडं आमच्या जुन्या सवयीने शब्दांकडे पाहू. आपण सहज म्हणतो, “फरशी लेव्हलमध्ये पाहिजे.” या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली गोष्ट सपाटपणा. म्हणजे पृष्ठभागावर उंचवटा नाही आणि खड्डा नाही. दुसरी गोष्ट समपातळी. म्हणजे एक टोक दुसऱ्यापेक्षा वर किंवा खाली नाही. तिसरी गोष्ट उतार, ज्याला गवंडी ढाळ म्हणतात. भिंतीला तिरकी टेकवलेली फळी सपाट असते पण समपातळीत नसते. उलट, एखाद्या अंगणाचे चारही कोपरे समपातळीत असतील आणि मध्ये मात्र खड्डे असतील.

बैठकीच्या खोलीला सपाट आणि समपातळी अशी जमीन लागते. बाथरूमला सपाट आणि उताराची लागते. आमच्या बाथरूममध्ये नेमका हाच घोटाळा झाला होता. जुनी फरशी मधेच खचल्यामुळे सपाटपणा गेलेला, आणि वरच्या टाइलने तोच खोलगटपणा जसाच्या तसा उचललेला. डोळ्यांना ते दिसलं नाही. टाइलची चकाकी डोळ्याला फसवते.

पण गंमत अशी की उतार द्यायचा असेल तरी आधी समपातळी शोधावी लागते. दीड इंच खाली म्हणजे कशाच्या खाली? मोजायला एक स्थिर रेषा लागते. ती रेषा पाणी देतं.

आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीया’च्या गणितपादात एक लहानसा श्लोक आहे. त्यात तो सांगतो की वर्तुळ कर्कटकाने काढावं, चौकोन कर्णांनी साधावा, जमिनीची समपातळी पाण्याने ठरवावी आणि उभी रेषा लंबकाने. आता मिस्त्रींची पिशवी उघडून पाहा. ओळंबा आहे, पाण्याची पारदर्शक नळी आहे, आणि खोली काटकोनात आहे का हे पाहायला ते समोरासमोरचे कोपरे टेपने मोजतात, म्हणजे कर्णच मोजतात. दीड हजार वर्षांत पिशवी फारशी बदललेली नाही. लेव्हलला आपल्याकडे जुना शब्दही ‘पाणसळ’ आहे. त्यातही पाणी आहेच.

वरवंडकरांना हे वेगळं सांगायला नको. खडकवासल्याचं पाणी कालव्याने आपल्या भागात येतं, ते पंपाने नाही, ढाळाने. कुणीतरी मैलोन्मैल पातळी मोजली म्हणून आपला ऊस उभा आहे. बाथरूममध्ये तेच काम सात फुटांत करायचं असतं.

खाली काय निघालं

दुसऱ्या वेळी आम्ही मिस्त्रींना म्हणालो, “आता तुम्ही म्हणाल तसं.” त्यांनी टाइल काढली, शहाबादी काढली, आणि खाली जे निघालं ते पाहून आम्ही गप्प झालो. एका बाजूला चांगला मुरूम होता. दुसऱ्या बाजूला, दाराजवळ, काळी माती. घर बांधताना पायाच्या खोदाईची माती जोत्यात तशीच ढकलून दिली होती. त्यात जाळीखालच्या पाइपाचा एक सांधा थेंबथेंब गळत होता.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला पाठ असतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यातल्या चिकणमातीचे अतिशय सूक्ष्म थर आपल्यामध्ये पाणी शोषून घेतात आणि फुगतात, पाणी गेलं की आकसतात. शेताला हा गुण आहे, कारण ओल धरून ठेवते. घराच्या जोत्यात तोच दोष होतो. गळका पाइप वर्षभर तिला कधी ओली, कधी सुकी करत राहिला, आणि तिच्यावरची फरशी तिच्याबरोबर हलत राहिली. त्यावर आम्ही दिवाळीसाठी चकचकीत टाइल लावली होती.

वेदान्तात ‘अधिष्ठान’ असा शब्द आहे. दोरीवर साप भासतो तेव्हा दोरी हे त्या भासाचं अधिष्ठान. देवळाच्या बांधकामात जोत्याच्या घडीव भागालाही अधिष्ठानच म्हणतात. दोन्हीकडे अर्थ एकच, वरचं ज्याच्यावर उभं आहे ते. आम्ही हा शब्द वर्गात कितीदा तरी समजावून सांगितला असेल. त्या दिवशी तो काळ्या मातीच्या रूपाने समोर आला.

थर कसे भरायचे

आता काम क्रमाने सांगतो. ज्यांना घरी काम काढायचं आहे त्यांनी लिहून घ्यावं.

पहिलं, काळी माती असेल तर ती काढायचीच. जागी मुरूम भरायचा, पण एकदम नाही. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मसाने ठोकणं, मग पुढचा थर. एकदम दोन फूट भरून वरून ठोकलं तर वरचे सहा इंच बसतात आणि खालचं सैल राहतं. ते पुढे दोन पावसाळ्यांत आपोआप बसतं, आणि बसताना फरशी घेऊन बसतं.

दुसरं, पाइप आणि ट्रॅप याच टप्प्याला. बाथरूमच्या जाळीखाली जी पाणी धरून ठेवणारी कुंडी असते तिला सगळ्या देशातले प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचाच तो शब्द. त्यात साचलेलं पाणी गटारातली घाण हवा वर येऊ देत नाही. हा ट्रॅप किती उंचीवर बसतो यावर सगळ्या फरशीचा ढाळ ठरतो. आधी फरशी ठरवून मग ट्रॅप बसवायला गेलात तर तो उंच राहील आणि पाणी त्याच्याभोवती उभं राहील. पाइप बसला की त्यात पाणी भरून सांधे पाहायचे, मगच झाकायचे.

तिसरं, मुरुमावर दगडाचं सोलिंग आणि त्यावर काँक्रीट. घरच्या कामाला एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी हे प्रमाण चालतं, जाडी चार इंच. हे काँक्रीट म्हणजे आपली खरी जमीन. त्याला निदान सात दिवस पाणी मारायचं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पाणी लवकर उडालं तर ते कच्चंच राहतं. आमच्यासारखे घाईचे लोक इथेच मिस्त्रींच्या मागे लागतात.

चौथं, पाणी अडवणारा थर. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात आधी मालाची गोलाई करायची, कारण काटकोनात लेप फाटतो. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा. भिंतीवर किमान एक फूट चढवायचा, शॉवरच्या बाजूला डोक्याइतका.

आणि मग परीक्षा. ट्रॅपचं तोंड बंद करायचं, दाराशी विटेचा बांध घालायचा, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि चोवीस तास, जमल्यास अठ्ठेचाळीस तास थांबायचं. पाणी खुणेवरून स्पष्ट उतरलं तर दोष आहे. तो या दिवशी शंभर-दोनशे रुपयांत निघतो. टाइलखाली गेल्यावर त्यालाच काही हजार लागतात.

ढाळाचं गणित

पाचवा टप्पा कोब्याचा, आणि सगळी मेख इथे आहे. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल घालून हा थर करतात. ढाळ याच थरात द्यायचा. पुष्कळ ठिकाणी कोबा कसाही होतो, आणि मग टाइल बसवणारा खालचा माल एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ ठेवून ढाळ काढतो. जाड माल जास्त आकसतो, पातळ कमी. काही महिन्यांनी टाइल एका कोपऱ्यात पोकळ होते. म्हणून नियम असा की टाइलखालचा माल सगळीकडे सारख्याच जाडीचा, आणि आकार आधीच खालच्या थराने घेतलेला.

ढाळ किती? सरकारी बांधकामात १:४८ ते १:६० ठेवण्याची पद्धत आहे. १:४८ म्हणजे दर फुटाला पाव इंच, लक्षात ठेवायला सोपं. आता आमचंच बाथरूम घ्या. दारापासून जाळीपर्यंत सात फूट. फुटाला पाव, म्हणजे पावणेदोन इंच.

मिस्त्रींनी काय केलं? नळीने चारही भिंतींवर एकाच पातळीची रेषा मारली. बाहेरच्या खोलीची फरशी त्या रेषेच्या बरोबर ३६ इंच खाली आली. बाथरूमची फरशी दाराशी अर्धा इंच आणखी खाली ठेवायची, म्हणजे पाणी खोलीत येणार नाही आणि म्हाताऱ्या माणसाला ठेचही लागणार नाही. म्हणजे साडेछत्तीस. जाळीशी त्यात पावणेदोन मिळवा, सव्वाअडतीस. ही झाली टाइलची वरची बाजू. टाइल आणि तिच्या खालचा माल मिळून सव्वा इंच. म्हणून कोब्याचा माथा दाराशी पावणेअडतीस आणि जाळीशी साडेएकोणचाळीस. बस, इतकंच गणित. मिस्त्रींनी ते भिंतीवर पेन्सिलने लिहिलं आणि दोन्ही टोकांना दोरी ताणली. त्यानंतर कुणाच्या नजरेच्या अंदाजावर काही उरलं नाही.

नळीबद्दल दोन सूचना. तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला तर ती खोटं बोलते. आणि एका टोकावर अंगठा दाबलेला असेल तरीही खोटं बोलते. म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे का ते पाहायचं. बुडबुड्याची लेव्हल असेल तर ती एकदा ठेवायची, मग उलटी फिरवून त्याच जागी ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा तिथेच आला तर साधन खरं. ज्याने तपासायचं तेही आधी तपासावं लागतं, हे आम्ही ज्ञानमीमांसेच्या तासाला सांगत होतो. मिस्त्रींना ते कुणी शिकवलं नव्हतं, पण ते रोज करत होते.

आणखी एक. जाळी मधोमध असेल तर चारही बाजूंनी ढाळ द्यावा लागतो. टाइल वाकत नाही. दोन फूट बाय दोन फुटाची टाइल चार ढाळांवर बसवली की कोपरे उचकतात. मोठी टाइल हवी असेल तर जाळी भिंतीलगत घ्या आणि एकच ढाळ द्या. आम्ही एक फुटाची, खरखरीत पृष्ठभागाची टाइल घेतली. चकाकी कमी, पाय घट्ट.

लाकडावरचं बाथरूम

आमचा पुतण्या अमेरिकेत असतो. आमची कथा ऐकून त्याने त्याच्या घरातल्या कामाचे फोटो पाठवले. तिथे बरीच घरं लाकडी सांगाड्याची. मुरूम नाही, सोलिंग नाही. साधारण सोळा-सोळा इंचांवर लाकडी तुळया आणि त्यावर पाऊण इंच जाडीचं प्लायवूड. ते बाथरूमच्या फरशीचं अधिष्ठान.

तिथल्या अडचणी वेगळ्या. लाकूड ओलीने फुगतं, म्हणून दोन फळ्यांच्या मध्ये साधारण तीन मिलिमीटर फट सोडतात. फळी तुळयांना आडवी टाकतात, सांधे एका ओळीत येऊ देत नाहीत, आणि स्क्रूने आवळतात, म्हणजे चालताना ती कुरकुरत नाही. मग दहा फुटांची सरळ पट्टी ठेवून पाहतात. मोठ्या टाइलसाठी त्या दहा फुटांत एक अष्टमांश इंचाहून जास्त चढउतार चालत नाही. उंचवटा घासतात, खोलगट भागात पातळी साधणारा ओता माल भरतात. तुळईसुद्धा भाराने तिच्या लांबीच्या ३६० व्या भागाहून जास्त वाकता कामा नये. कारण लाकूड वाकून परत येतं, टाइल वाकत नाही, तडकते. वर पुन्हा सिमेंटचा पत्रा किंवा पाणी अडवणारं आवरण, मग टाइल.

तिथे जमीन समपातळीत ठेवतात आणि ढाळ फक्त शॉवरच्या चौकटीत देतात, कारण बाकीचं बाथरूम कोरडं असतं. आपण बादली-तांब्याने अंघोळ करतो, सगळी जमीन ओली होते, म्हणून सगळ्या जमिनीला ढाळ. पुतण्याचं पाहून इथे कुणी पूर्ण समपातळीचं बाथरूम केलं तर पाणी साचणारच. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. तिथल्या प्लायवूडची आणि इथल्या मुरुमाची परीक्षा टाइल लावायच्या आधीच घ्यायची असते.

एक प्रश्न

मागून प्रश्न आला आहे, “सर, म्हणजे टाइलवर टाइल कधीच लावू नये का?” असं नाही. जुनी फरशी कुठेही पोकळ वाजत नसेल, हलत नसेल, ढाळ बरोबर असेल, खालून ओल येत नसेल, आणि दार व जाळी उंची वाढल्यावरही चालणार असतील, तर चांगल्या टाइल-गमाने लावता येते. पण हा गम काही मिलिमीटरच्या थरासाठी असतो. खड्डे भरायचं काम त्याचं नाही. आणि या सगळ्या अटी पाहायला नाणं घेऊन खाली बसावं लागतं, एकेक फरशी ठोकावी लागते. उभ्याने उत्तर मिळत नाही.

टाइल बसवतानाही चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे मालाचे पाच गोळे ठेवून ती दाबू देऊ नका. मधली जागा पोकळ राहते, आणि एके दिवशी भरलेली बादली आपटली की टाइल जाते. सबंध पाठीला माल लागला पाहिजे. एखादी टाइल बसवल्या बसवल्या उचलून पाहायला मिस्त्री नाही म्हणत नाहीत.

पंधरा दिवस कुठे अंघोळ करायची

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा. आम्ही पहिल्यांदा घाई का केली? कारण पंधरा दिवस अंघोळीची सोय कुठे, हा प्रश्न होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच म्हटलं आहे. सगळं ज्ञान पाडून नव्याने बांधायचं असेल तर बांधकाम चालू असताना राहायला दुसरं घर आधी पाहून ठेवावं लागतं. आम्ही हा उतारा वर्षानुवर्षं शिकवला आणि तो आमच्या बाथरूमला लागू आहे हे कधी सुचलं नाही. दुसऱ्या वेळी आम्ही परसात चार पत्रे उभे करून, खाली दोन फरश्या टाकून तात्पुरती मोरी केली. खर्च किरकोळ. ती झाल्यावर घाई संपली, आणि घाई संपल्यावर काम नीट झालं.

टाइल लावायच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी कोब्यावर दाराशी एक बादली पाणी ओतलं. ते न थांबता जाळीपर्यंत गेलं. एका ठिकाणी हाताच्या पंज्याएवढं पाणी राहिलं. तिथे त्यांनी खडूने गोल काढला, माल भरला, आणि वाळल्यावर पुन्हा बादली ओतली. या वेळी काही राहिलं नाही. सौ. दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, “आता लावा टाइल.” परवानगी त्यांची होती, तशीच असायला हवी होती.

मंडळी, घरी गेल्यावर आपल्या बाथरूममध्ये दाराशी एक तांब्या पाणी ओतून पाहा. कुठे थांबतं ते बघा, नाण्याने दोन टाइल ठोका. काही सापडलं तर दिवाळीची वाट पाहू नका, आणि दिवाळीच्या आधी उरकायची घाईही करू नका.

इथे थांबतो. नमस्कार.